पान बहात्तर

आमचे हे, म्हणजे अनंतराव, तहसील कचेरीतून रिटायर झाले तेव्हा मी मनात म्हटलं, चला, माणूस आता तरी घरचा झाला. कप्पाळ माझं! माणूस ‘पैनकाठ’चाच राहिला. ‘पैनकाठ’ म्हणजे यांचं त्रैमासिक. कथा, कविता, लेख, आणि मागे आमच्या ढाणकीतल्या दुकानदारांच्या जाहिराती. तीस वर्षं यांनी ते चालवलं. आमच्या पलंगाखाली जुने अंक, कपाटावर जुने अंक, देवघराला टेकून पोस्टातून परत आलेले अंक. सवत एक असती तर भांडले असते, इथं गठ्ठेच्या गठ्ठे आहेत.

पण मागची दोन वर्षं अंक निघालाच नाही. प्रेसवाला आता लग्नपत्रिका आणि फ्लेक्सच करतो. वर्गणीदार एकेक करून वर गेले. पुतण्या मंदार पुण्याला कम्प्युटरवर काम करतो, तो म्हणाला, “काका, फोनवर काढा ना. मी करून देतो.” हे म्हणाले, छे! कागदाला वास असतो. मी म्हटलं, असतो ना, उंदरांनाही तो फार आवडतो.

मग सुरू झाल्या मीटिंगा. आमच्याच ओसरीवर. अर्धे म्हणायचे कागद, अर्धे म्हणायचे फोन, आणि पोहे मात्र सगळे एकमतानं खायचे. दोन वर्षं मी कांदे चिरले, पण निर्णय काही शिजला नाही. ज्यांच्या कथा अडकल्या होत्या ते बिचारे फोन करून करून थकले. मी एक दिवस कढई आपटली आणि म्हटलं, “काहून लोकांना ताटकळत ठेवता? एक तर काढा, नाहीतर बंद करा!”

शेवटी यंदाच्या दिवाळीला फोनवरचा अंक ठरला. ठरला खरा, पण “मांडणी मीच करणार,” हे म्हणाले. खोलीभर कागद अंथरले आणि प्रेसात बसल्यासारखी पानं लावत बसले. कथा पानात मावली नाही की कापायची, राहिलेली मागे जाहिरातींच्या पोटात घालायची आणि खाली लिहायचं, ‘उर्वरित मजकूर पान ७२ वर’. मी म्हटलं, “अहो, फोनमध्ये काय जागेचा तोटा आहे? कायले कापता?”

“अंक असाच असतो, सुनीती,” म्हणाले. संपलं. यांच्यापुढे कोण बोलणार!

मंदारनं ती पानं फोनवर चढवली, अंक ‘पैनकाठ परिवार’ या ग्रुपवर गेला आणि पाच मिनिटांत हात जोडलेली चित्रं यायला लागली. अंगठे, फुलं, ‘अप्रतिम’, ‘संग्राह्य अंक’. ज्यांची कथा पहिली होती ते मारेगावचे शामराव, त्यांनी तर ‘एका बैठकीत वाचून काढला’ असं लिहिलं. यांनी मुखपृष्ठ पाहिलं, दोन-चार अभिप्राय मला मोठ्यानं वाचून दाखवले आणि डोळ्यांना त्रास होतो म्हणून फोन ठेवून दिला. चार दिवस माणूस हवेत होता. भाजीत मीठ नव्हतं तरी बोलला नाही.

पाचव्या दिवशी दिवेलागणीला धावजीभाऊंचा फोन आला. धावजीभाऊ फुलसावंगीकडच्या एका तांड्यावरचे शेतकरी. कागदाचा अंक होता तेव्हा बाजाराला आले की दारातूनच घेऊन जायचे. संध्याकाळी घरापुढं लोक जमवून मोठ्यानं वाचायचे, वाचता वाचता गोरबोलीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, सांगायचे. हे मला माहीत होतं, पण आपण कधी जाऊन पाहतो थोडीच!

“अनंतभाऊ, ते बहात्तर नंबरचं पान काही येऊन नाही राह्यलं.”

“येत नाही म्हणजे?”

“आमच्याकडं रेंज नाही ना, भाऊ. पोराचा फोन घेऊन टाकीपाशी गेलतो, मंग टेकडीवर गेलतो, बाया-माणसं सारे संगं आलते. कितीबी सरकवलं तरी अडुसष्टवर अटकते. आता टेकडीवरूनच बोलून राह्यलो. त्या बैलाचं काय झालं तेवढं तरी सांगा! आमच्या तांड्यावरची बिजलीबाई रोज माह्या मांगं लागते.”

शामरावांची कथाच तशी होती. एका बाईचा बैल बाजारात हरवतो. वर्षभरानं तिला तो दुसऱ्याच्या गोठ्यात दिसतो. ती दारात उभी राहून त्याला नावानं हाक मारते. आणि बस्स, उर्वरित मजकूर पान ७२ वर.

यांनी अंक उघडून पाहिला. अडुसष्ट पानं. बहात्तर नावाचं पानच नाही! चेहरा असा उतरला की मीच घाबरले. मग धावपळ करून कथेचे मूळ कागद काढले आणि उभ्यानंच फोनमध्ये ओरडून वाचायला लागले. ‘बैलानं कान टवकारले…’ गल्लीतली कुत्री भुंकायला लागली, तरी हे आपले वाचताहेत, हातवारे करून करून. मी फोनकडं पाहिलं.

“अहो, कोणाला वाचून दाखवून राहिले? फोन केव्हाचा कटला!”

परत लावला तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर. मंदारला लावला. तो म्हणाला, “काका, मागे सगळ्या जाहिरातीच आहेत असं वाटलं, म्हणून काढून टाकल्या. पण कोणी काहीच बोललं नाही ना! मग काय टेन्शन?”

तेव्हा माझं डोकं फिरलं. यांचा फोन हिसकावला आणि ग्रुपवर लिहिलं, ‘पान ७२ कसं वाटलं? कृपया कळवा.’

पहिलं उत्तर आलं, ‘अप्रतिम!’ दुसरं, ‘पान ७२ म्हणजे अंकाचा कळस.’ मग अंगठे, मग फुलं. आणि खाली शामराव, ‘संपादकांना सलाम. ७२ तर खासच.’ अरे देवा! स्वतःच्या कथेचं शेपूट गेलं, तरी या माणसाला पत्ता नाही!

हे एकेक उत्तर वाचत गेले. चिडले असते तर बरं झालं असतं. पण हळूच म्हणाले, “बंद करतो, सुनीती. कागद नको न् फोनही नको.”

तीस वर्षं मी हेच ऐकायची वाट पाहिली होती. आणि ऐकलं तर मला रडूच आलं, रागाचं. या माणसानं सणवार पाहिले नाहीत, पोराबाळांच्या सुट्ट्या पाहिल्या नाहीत, आणि ते ग्रुपवाले मेले न वाचताच फुलं वाहतात!

सकाळी पाहते तर हे पिशवीत कथेचे कागद घालून चपला शोधताहेत.

“आता कुठं?”

“धावजीचं पान देऊन येतो. बंद करायचं तर कोणाची बाकी ठेवून नको.”

“एका पानासाठी या वयात एसटीचे धक्के खाणार?” मी ओरडले. पण गेलेच.

संध्याकाळी आले ते धुळीनं भरून. मी पाणी पुढं केलं, तर पाणी हातात घेऊन आपले हसताहेत.

“काय झालं?”

“दोनदा वाचायला लावलं. कथेत बैल कान टवकारतो आणि परत कडब्यात तोंड घालतो. बाई रिकाम्या हातानं घरी जाते. एवढं ऐकलं आणि बिजलीबाई माझ्यावर अशी भडकली म्हणून सांगू! म्हणे, हे कोनं लिवलं? घरच्या बाईचा आवाज आला तर बैल दावं तोडते, कडबा नाही खात. चुकलं तुमचं! मग सगळा तांडा भांडायला लागला. अर्धे शामरावांच्या बाजूनं, अर्धे तिच्या.” पाणी तसंच हातात. “सुनीती, तीस वर्षांत मला कोणी चुकलं म्हटलं नव्हतं गं.”

त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही. पण माझा राग काही गेला नव्हता.

“मग आता बंद नाही ना करत?”

“बंद कसा करू? हे भांडण छापायला नको? बिजलीबाईचं म्हणणं पुढच्या अंकात पहिल्या पानावर घेतो.”

“कोणत्या अंकात? कागदाच्या की फोनच्या?”

यांनी पाणी संपवलं, तांब्या खाली ठेवला, डोकं खाजवलं.

“त्यासाठी रविवारी मीटिंग बोलावली आहे,” म्हणाले. “पोहे जरा जास्त कर.”