पाण्याखाली खिडकी नसते

माझं शेवटचं पोस्टिंग विशाखापट्टणमला होतं, पाणबुडीवर. मी चीफ पेटी ऑफिसर, काम सोनारचं. म्हणजे कानांना हेडफोन लावून समुद्र ऐकायचा. निवृत्तीनंतर गाझियाबादला मुलीकडे राहायला आलो. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मेधा नोएडात एका नव्या सॉफ्टवेअर कंपनीत होती. परदेशी गिऱ्हाइकासाठी ते पाणबुडीचा कॉम्प्युटर गेम बनवत होते.

"बाबा, एकदा येऊन बघा ना. काहीतरी खोटं वाटतंय," ती म्हणाली.

सकाळी दहाला ऑफिसात पोहोचलो. पडद्यावर निळं पाणी, मासे, बाहेरून दिसणारी पाणबुडी.

"हे काढा," मी म्हणालो. "पाणबुडीला खिडकी नसते."

"मग खेळणाऱ्याला दिसणार काय?"

"मीटरवरचे काटे. आणि शेजारच्याचा चेहरा. बाकी सगळं ऐकू येतं."

मी त्यांना आवाज सांगत गेलो. खोलवर जाताना स्टील कण्हतं. कोळंबीच्या थव्याचा आवाज तापल्या तेलात मोहरी तडतडावी तसा येतो. एकदा देवमाशाची हाक ऐकली होती. त्या पाळीत आम्ही तिघांनी हेडफोन आळीपाळीनं कानाला लावले.

दोन महिन्यांनी त्यांनी फ्लडिंगचा, म्हणजे बोटीत पाणी शिरण्याचा, प्रसंग रचला. लाल दिवे, भोंगे, स्फोट. तेव्हा मी खरा प्रसंग सांगितला.

सकाळचे सव्वादहा. खोली नव्वद मीटर. रूटीन डाइव्ह. आधी माझ्या कानांत दडे बसले. पाणी आत शिरलं की हवा दाबली जाते, ते कानांना सगळ्यांत आधी कळतं. मग टेबलावरची पेन्सिल मागच्या बाजूला घरंगळली. स्फोट वगैरे काही झाला नाही.

इंटरकॉमवर कॅप्टनचा आवाज आला. "मोटर रूम, रिपोर्ट."

"फ्लडिंग, सर. लाइट गया. वॉल्व पे जा रहा हूँ."

तो लीडिंग मेकॅनिक पिल्लै. मोटर रूममध्ये एकटाच होता. समुद्राच्या पाण्याचा पाइप फुटला होता. नियमाप्रमाणे मधला दरवाजा आम्ही बाहेरून बंद केला. तो बंद होताना मी पाहिला.

"ब्लो ऑल टँक्स," कॅप्टन म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. टाक्यांतलं पाणी हवेनं बाहेर ढकललं की बोट वर येते.

खोलीचा काटा एकशे दहावर गेला. एकशे अठरा. सगळे त्या काट्याकडे बघत होते.

"वॉल्व शट, सर."

काटा थांबला, मग उलटा फिरू लागला. कॅप्टननी पिल्लैला पुन्हा हाक मारली. उत्तर आलं नाही. वर आल्यावर दरवाजा उघडला. पाण्याच्या झोतानं त्याला मोटरवर आपटलं होतं. तशाही स्थितीत त्यानं व्हॉल्व्ह पूर्ण फिरवला होता. दोन्ही हात चाकावरच होते.

एवढं सांगून मी थांबलो. मग मेधानं विचारलं, "खेळणाऱ्याला किती वेळ द्यायचा, बाबा?"

"बोटीच्या लॉगबुकात पाणी शिरल्यापासून व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत एक मिनिट आहे."

त्यांनी भोंगे काढले. दिवे घालवले, पेन्सिल घरंगळवली. व्हॉल्व्ह अंधारात शोधायचा. टीममधले सातही जण कोरड्या खुर्चीत बसून, माउस हातात धरून खेळले. सर्वांत चांगला वेळ दोन मिनिटं दहा सेकंद. प्रत्येक वेळी बोट तळाला गेली.

मेधाचा सहकारी गुप्ता हेडफोन काढून म्हणाला, "सर, एक मिनट में ये हो ही नहीं सकता."

"आमच्याकडे डोळे बांधून सगळे व्हॉल्व्ह शोधायची परीक्षा असते," मी म्हणालो. "पिल्लैनं ती तीनदा दिली होती. दोनदा पास झाल्यावरसुद्धा."

गिऱ्हाइकानं तीन मिनिटं मागितली होती. ती त्यांनी दिली. खेळ जिंकता यायला हवा, हे मलाही पटलं.

त्या बोटीवर आम्ही बहात्तर जण होतो. एकाहत्तर घरी परतलो. पिल्लै कोल्लमचा. वय सव्वीस.