ताईच्या धड्यांसाठी मदरबोर्ड

माझ्या मोठ्या बहिणीला, ताईला, लहानपणापासून ऐकू येत नाही. कर्णबधिर मुलांच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर ती नाशिकच्या आमच्या घरीच कॅमेऱ्यासमोर खुणांच्या भाषेत गणित शिकवू लागली. ते व्हिडिओ जुळवायचं काम माझं. या भाषेत बोट कुठे वळलं, कुठे थांबलं, यावर अर्थ ठरतो. माझ्या कॉम्प्युटरवर दोन कॅमेऱ्यांचं चित्रण एकदम चालवलं की चित्र अडखळायचं आणि नेमकं तेच निसटायचं. म्हणून ताईनं स्वतः जाऊन चित्रण साठवायला एक वेगवान एसएसडी आणली, च्युइंगगमच्या पट्टीएवढी.

मदरबोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य पाटीवर, तशी खाच होती. पट्टी बसली, स्क्रूही लागला, पण कॉम्प्युटरला ती दिसेचना. मी कॉम्प्युटर उचलून दुकानात नेला.

"खाच तशीच दिसते, पण हिच्यात जुन्या प्रकारचीच एसएसडी चालते," दुकानदार म्हणाला. "तुमची नव्या प्रकारची, एनव्हीएमई आहे. परत करा, नाहीतर बोर्ड, प्रोसेसर, रॅम असा सगळा सेटच बदला, सर."

घरी येऊन ताईला सांगितलं. तिनं एका झटक्यात हात आडवा फिरवला. परत करायची नाही. शाळा उघडायच्या आत अपूर्णांकांचे धडे मुलांकडे गेलेच पाहिजेत.

मग मीही हट्टाला पेटलो. प्रोसेसर चांगला होता, रॅम चांगली होती. सगळा सेट कशाला बदलायचा? हाच प्रोसेसर बसेल आणि एनव्हीएमईही चालेल, असा त्याच पिढीतला बोर्ड हवा होता. नवा कुठेच मिळेना. जुन्या सामानाची दुकानं पालथी घातली, तिथेही नाही. शेवटी ओळखीतून कळलं, पिंपळगावच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये ऑफिसचे जुने कॉम्प्युटर पडून आहेत. स्कूटर काढली.

"दोन डबे हायेत," तिथले मॅनेजर म्हणाले, "पण चालू हायेत का, ते नाय सांगता यायचं."

पहिला उघडला, त्यातला बोर्ड माझ्या बोर्डासारखाच निघाला. दुसऱ्यातल्या बोर्डावरची धूळ फुंकून मॉडेल नंबर वाचला आणि मोबाईलवर त्याचं मॅन्युअल शोधलं. खाचेसमोर स्पष्ट लिहिलं होतं: एनव्हीएमई चालेल.

"हाच पाहिजे!" मी ओरडलोच.

"आधी लावून बघा की," म्हणत त्यांनी टेबलावरचे खोके बाजूला सारले. बोर्ड सुरू झाला.

तो विकत घेतला आणि घरी येऊन सगळं जोडलं. एसएसडी दिसली, आणि जुनी हार्ड डिस्क गायब! ताईचं सगळं चित्रण तिच्यातच होतं. मी वायरी पुन्हा पुन्हा दाबून पाहिल्या. ताईनं माझा चेहरा पाहिला आणि मोबाईल माझ्या हातात दिला. वाच, तिनं खुणावलं. मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात सापडलं: या खाचेत पट्टी बसवली की हार्ड डिस्कच्या वायरींची दोन कनेक्शन्स बंद होतात. वायर काढून तिसऱ्यात घातली. दोन्ही दिसल्या.

पट्टीचा पूर्ण वेग या बोर्डाला झेपत नाही, पण आमच्या कामाला पुरून उरतो. चित्रण नव्या पट्टीवर घेतलं आणि ते पाण्यासारखं वाहू लागलं. ताईनं माझ्या पाठीत एक जोरदार थाप मारली आणि खुर्ची ओढून बसली.

अपूर्णांकांचे सगळे धडे वेळेत गेले. आता तिनं दशांश काढलेत.