फुलाची उडी

शुक्रवार पेठेतल्या एका बोळात केराबाई धनगरीण राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा सिद्धनाथ गिरणीत बदली कामगार होता. घर सून बघायची आणि केराबाई दाराशी बसून लोकर कातायची, बाजारच्या दिवशी घोंगड्या विकायला जायची. बोलणं बेताचं. बोळातल्या बायका सिनेमाला निघाल्या की तिलाही हाक मारायच्या. ती नुसती मान हलवायची आणि टकळी फिरवत राहायची. म्हातारीला सिनेमाचं वावडं आहे, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. कशामुळं, ते पोटच्या पोरालाही ठाऊक नव्हतं.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात जवळच्या टॉकीजच्या मॅनेजरनं, चनमल्लप्पानं, एक नवीनच टूम काढली. रंगीत सिनेमे सगळे मोठ्या थिएटरांकडं जायचे, ह्याच्या वाट्याला उरलंसुरलं यायचं. तेव्हा त्यानं मुंबईहून जुने काळे-पांढरे सिनेमे मागवले आणि एका जातीचे एका आठवड्यात असे बांधून लावायला घेतले. आधी देवादिकांचा आठवडा झाला. मग संतांचा. मग सासुरवासाचा, त्याला तर बायकांच्या बाजूला जास्तीची बाकडी टाकावी लागली. त्यानंतर आला घोड्यांचा आठवडा. तलवारी, चाबूक, दरोडेखोर, आणि तोंडाला फडकं बांधून गोरगरिबांचा न्याय करत फिरणाऱ्या बायका.

जाहिरातीचा टांगा बोळात आला. भोंग्यावरचा माणूस त्या आठवड्यातल्या सिनेमांची नावं एकामागून एक घेत होता. त्यातलं एक नाव कानावर पडलं आणि केराबाईनं टकळी खाली ठेवली. सून आतून विचारतीय, कुठं निघालात, तर तिला ऐकूच आलं नाही. टांग्यामागून चालत ती थेट टॉकीजपर्यंत गेली. दारावर रंगवलेला मोठा बोर्ड होता. दोन कड्यांच्या मधे घोडा आणि घोड्यावर चाबूक घेतलेली बाई.

ते नाव तिनं आयुष्यात एकदाच ऐकलं होतं, बापाच्या तोंडून.

बाप बिरप्पा सांगोल्याकडचा. मेंढरं घेऊन हिंडणारा. बिऱ्हाड वाहायला त्यांच्याकडं दोन घोडी होती, आणि थोरली पोर फुला त्यांच्यावर खोगीर न घालता बसायची. एका वर्षी मेंढरं पन्हाळ्याच्या अंगाला बसली होती. तिथं कोल्हापूरची एक सिनेमा कंपनी उघड्यावरची दृश्यं घ्यायला आलेली. नटीला घोड्यावर बसायची भीती. कंपनीच्या माणसानं फुलाला माळावरून घोडी पिटाळताना बघितलं आणि तो बिरप्पाच्या पालावर आला. नटीचे कपडे घालून घोडा पळवायचा, तोंड दिसणार नाही, पोरीची अब्रू जाणार नाही, असं म्हणाला. बिरप्पा कचरत होता. फुलाच हट्टाला पेटली. केरा तेव्हा परकर नेसायची. "मी पन येते," म्हणून ती मागं लागली, तर फुला म्हणाली, "तू कोकरं बघ. म्या आल्यावर तुला समदं सांगते की."

ती आलीच नाही. कंपनीचा माणूस आला. कड्यावरून उडी घेताना घोड्याचा पाय चुकला, म्हणाला. खाली दगड होते. उन्हात मढं ठेवता येईना म्हणून तिथंच माती दिली. बिरप्पानं त्याला सिनेमाचं नाव विचारलं, ते एकदा उच्चारलं, आणि पुढं मरेपर्यंत त्या घरात फुलाचंही नाव कुणी घेतलं नाही. तिचा फोटो नव्हता. धनगराच्या पोरीचा फोटो कोण काढणार?

केराबाई दुपारच्या खेळाला बायकांच्या बाजूला जाऊन बसली. शेजारणी शेंगा फोडत होत्या. बराच वेळ नटीच होती, गोरीपान, डोळे मोठे करून बोलणारी. मग ती घोड्याकडं धावली, आणि पुढच्या क्षणाला घोड्यावर दुसरीच कुणी होती. कपडे तेच, पाठ दुसरी. टाच घोड्याच्या पोटाशी उलटी वळवून धरायची खोड, डाव्या हातानं मानेवर थोपटायची खोड. जवळजवळ चाळीस वर्षांनी बहीण समोर आली होती आणि तिच्याकडं पाठ करून पळत होती.

कडा जवळ आला. घोडा उसळला. त्याचे पुढचे पाय पलीकडं टेकले, मागचे टेकले नाहीत, ते केराबाईनं बघितलं. थिएटरात दुसऱ्या कुणी बघितलं नसावं, कारण तेवढ्यात चित्र बदललं आणि पलीकडच्या कड्यावर नटी घोड्यावर बसून हसत होती. पुरुषांच्या बाजूला शिट्ट्या उठल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुपारच्या खेळाला आठवडाभर तोच सिनेमा होता. ती दुसऱ्या दिवशी गेली. तिसऱ्याही. लोकर तशीच पडून राहिली. सिद्धनाथनं विचारलं, "आये, तू आन् सिनेमाला?" तर ती पदर सावरून दाराबाहेर पडली. रोज फुला त्याच कड्याकडं जायची, रोज लोक टाळ्या वाजवायचे. मागं वळून एकदा तोंड दाखवील, एवढ्या आशेवर ती बसायची. एका दुपारी तिला धीर निघाला नाही. घोडा उसळायच्या आत ती उभी राहून ओरडली, "फुले, माघारी फिर. फुले, आगं दगडं हायती खाली."

सगळं थिएटर हसलं. दारावरची बाई तिला दंडाला धरून बाहेर घेऊन आली.

चनमल्लप्पानं तिला ऑफिसात बसवलं, पाणी दिलं. वेडसर म्हातारी आहे, समजूत घालून पाठवू, असा त्याचा विचार होता. पण तिनं सांगायला सुरुवात केली आणि तो हातातली चावी टेबलावर ठेवून ऐकत राहिला.

"मालक," केराबाई म्हणाली, "तेवडी उडी काडून टाका. बाकीचा सिनेमा दावा की. रोज मरतीया माजी भन, आन् लोकं टाळ्या वाजवत्यात."

"बाई, ती उडी बघायलाच लोक येतात हो. आणि फिल्मची पेटी आपली नाही. मुंबईला परत द्यायची असते, ते तपासून घेतात."

"मग तिचं त्वांड तरी दावा. येकदा."

दुसऱ्या दिवशी सकाळी, खेळ नसताना, ऑपरेटर गुरप्पानं ते रीळ खिडकीशी आणलं. उजेडाला धरून तो चित्रामागून चित्र सरकवत होता आणि केराबाई त्याच्या खांद्याशी उभी होती. पाठ. पाठ. घोड्याची मान. पाठ. मग त्याचा हात थांबला. उडीच्या अगदी आधी फुलानं मान वळवली होती. मागं कुणाकडं तरी बघितलं होतं. खुणेची वाट बघत असेल, नाहीतर नको म्हणत असेल. गुरप्पानं भिंग दिलं. केराबाईनं डोळा लावला, काढला, डोळे पुसून पुन्हा लावला.

"धुरावानी दिसतंय," ती म्हणाली. "नाक न्हाई, डोळं न्हाईत."

"अव्वा, इतक्या लांबून घेतलंय, आणि फिल्म घासलीय. ह्याच्यापेक्षा जास्त नाही दिसणार."

"एवडं बोटभर मला दे बाबा. तुज्या पाया पडते."

आणि ती खरंच वाकली. गुरप्पानं तिला अर्ध्यावर धरली आणि दारात उभ्या असलेल्या चनमल्लप्पाकडं बघितलं. चनमल्लप्पा खाली मान घालून म्हणाला, "नाही जमायचं. माझी नोकरी जाईल, ह्याचीही जाईल." त्याला वाईट वाटत होतं, ते दिसतच होतं. पण केराबाईच्या हातात काही पडलं नाही. रीळ डब्यात गेलं.

आठवडा संपला. पुढचा तमाशापटांचा सुरू झाला, बोर्ड बदलला. घोड्यांची पेटी मुंबईला परतायच्या आधी बार्शीच्या टॉकीजला गेली, हे गुरप्पाकडूनच तिला कळलं. तिनं दोन घोंगड्या काखेत मारल्या, बाजाराला जाते असं सुनेला सांगितलं आणि बार्शीची एसटी धरली. घोंगड्या विकून सिनेमाच्या तिकिटाची सोय केली. रात्री ती स्टँडवर निजली.

पहिल्या दिवशी फुला आली. दुसऱ्या दिवशी घोडा कड्याकडं धावला, पडदा एकदम हिसका बसल्यासारखा झाला, आणि नटी पलीकडं हसत उभी. उडी नव्हतीच. लोकांनी खुर्च्या बडवल्या, शिव्या दिल्या. केराबाईला आधी कळलंच नाही. कड्याकडं न जाताच फुला नाहीशी झाली होती. जे व्हावं म्हणून तिनं हात जोडले होते, ते झालं होतं, आणि ती ओरडत ऑपरेटरच्या खोलीच्या जिन्याकडं धावली.

"माजी भन कुटं गेली?"

तिथला ऑपरेटर वैतागलेला होता. "कोण बहीण? फिल्म जुनी आहे बाई, तिथली कडेची भोकं फाटलेली. काल रात्रीच्या खेळाला तुटली. खराब तेवढं काढून टाकलं आणि चिकटवलं."

"कुटं टाकलं?"

"केरात. मागं."

टॉकीजच्या मागं उकिरडा होता. शेंगांची टरफलं, फुटलेल्या बाटल्या, चहाची भिजलेली पूड. केराबाई पदर खोचून त्यात बसली. फिल्मचे तुकडे होते, बरेच होते, कुठल्या कुठल्या सिनेमांचे. एकेक उचलून ती उन्हाकडं धरायची. एकात माणसं पंगतीला बसली होती. एकात नुसतं आभाळ. एकात घोडा होता, पण त्याच्यावर कुणी नव्हतं. काचेनं बोट कापलं, ते तिनं लुगड्याला पुसलं आणि पुढचा तुकडा उचलला.

सिद्धनाथ तिला शोधत आला तेव्हा ऊन कलत होतं. घरी विचारपूस करून, टॉकीजवर गुरप्पाला गाठून तो इथवर पोचला होता. आईला तसं बघून त्याला रागच आला. "लोकं काय म्हंतील? ऊठ." ती उठेना. मग तो तिच्याशेजारी उकिडवा बसला. काय शोधायचं ते ठाऊक नसताना तोही तुकडे उचलून उजेडाकडं धरू लागला. दिसेनासं होईपर्यंत दोघं शोधत होती. सापडलं नाही.

रात्रीच्या एसटीनं दोघं परत निघाली. वैराग मागं पडल्यावर सिद्धनाथ म्हणाला, "गुरप्पानं सांगितलं मला. मावशी व्हती व्हय मला? कशी व्हती दिसायला?"

केराबाईनं सांगायला तोंड उघडलं. इतकी वर्षं फुलाचा चेहरा तिच्यापाशी होता. कोकरं हाकताना, लोकर कातताना, नवऱ्याच्या मयताच्या दिवशीसुद्धा तो तिला दिसला होता. आता डोळे मिटले तर पाठ दिसत होती. वळवलेली टाच, नटीचे कपडे, आणि पाठ.

"मला याद येईना," ती म्हणाली. सिद्धनाथनं तिचं कापलेलं बोट हातात धरलं.

त्यानंतर केराबाई बरीच वर्षं जगली. लोकर कातायची, बाजाराला जायची. पुढं नात झाली. बारशाच्या आधी सिद्धनाथ हळूच म्हणाला, "फुला ठेवावं का नाव?" म्हातारीनं नातीला मांडीवर घेतलं, तिच्या तोंडाकडं टक लावून बघितलं, एकदा, पुन्हा एकदा.

"नगं," ती म्हणाली. "हिचं हिला कायतरी येगळं ठेव."