पहिल्या प्रकरणातली आई

माझी भाची कादंबरी शेवटच्या पानापासून वाचायला घेते. कुत्रा जिवंत आहे की नाही, एवढंच बघते. मेला असेल तर पुस्तक मिटून माझ्या उशाशी आणून ठेवते, जणू मीच मारलाय. माझ्या ताईची ही मुलगी शाळेसाठी आमच्याकडे इंदिरानगरला राहते, सहावीत आहे, आणि प्राण्यांवरच्या कादंबऱ्यांबद्दल तिची मतं इतकी पक्की आहेत की त्या विषयावर घरात कुणी तोंड उघडत नाही. मी सोडून. कारण मी स्वतः तसली एक लिहीत होतो.

"मामा, यातली म्हैस 'हे सखे, जीवन हा संघर्ष आहे' असं का बोलते? आमची म्हैस बोलायला लागली ना, तर आधी पप्पांना शिव्या देईल," लायब्ररीतलं एक पुस्तक पुढे करत ती एकदा म्हणाली होती.

अशा वाचकाच्या हातात मी माझी पंधरा प्रकरणं दिली. उसात बिबट्याचं पोरकं पिल्लू सापडतं, मळ्यातली एक मुलगी ते वाढवते, असं कथानक. तिने एका बैठकीत वाचून काढलं. मी कौतुक ऐकायचा चेहरा करून बसलो होतो.

"आई कशाने मेली?"

"कुणाची?"

"पिल्लाची. कशाने मेली ते लिहिलंच नाहीस."

"कथेत ते महत्त्वाचं नाही गं."

"तुम्हा लोकांना ते कधीच महत्त्वाचं नसतं. आई मारून टाकायची, म्हणजे मुलीला पिल्लू फुकट मिळतं. सगळ्या पुस्तकांत हेच."

'तुम्हा लोकांना' म्हणजे लेखकांना. त्या जमातीत मला पहिल्यांदाच कुणीतरी घातलं होतं, त्यामुळे मला नीट रागावताही आलं नाही.

पुढच्याच शनिवारी आम्ही दोघं निफाडकडे, तिच्या घरी गेलो. दाजींची द्राक्षबाग आहे आणि बाजूला उसाचा एक तुकडा. किती दिवस वाट बघायला लावून ऊसतोडीची टोळी त्या दिवशी आली होती. आम्ही चहा घेतोय तोच उसातून एका बाईची आरोळी आली आणि कोयत्यांचा आवाज एकदम थांबला.

पाचटात, उसाच्या वाळल्या पाल्यात, पिल्लू होतं. मांजराएवढं, मळकट ठिपक्यांचं. डोळे उघडे, पण बघतंय कुठे ते त्यालाच कळत नसावं. दाजींनी सगळ्यांना मागे हटवलं. मी न सांगताच बराच मागे गेलो होतो.

वनखात्याच्या वनरक्षक बाई आल्या. हातमोजे घालून त्यांनी पिल्लू उचललं, तपासलं आणि द्राक्षं भरायच्या प्लास्टिकच्या कॅरेटमध्ये ठेवलं. "सापडलं तिथेच ठेवायचं. अंधार पडला की आई शोधत येते."

"नक्की येते?" भाचीने विचारलं.

"बहुतेक वेळा येते."

"आणि नाही आली तर?"

"उद्या अजून एकदा ठेवून बघू. नंतर मात्र शहरात न्यावं लागेल. माणसाच्या हातावर वाढलं की परत सोडता येत नाही गं त्याला. मग जन्मभर पिंजरा."

माझ्या कादंबरीचं सातवं प्रकरण 'माणसाच्या हातावर' असंच होतं. भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी उसाकडे पाहिलं.

टोळीचा मुकादम वैतागला होता. "दादा, आम्ही काय बिबट्याच्या बाळंतपणाला आलो नाय. राहिलेला ऊस आज नाय तर उद्या सकाळी. नायतर आम्ही पुढच्या मळ्यात."

दाजींनी मुलीकडे पाहिलं. उरलेला ऊस तोडला तर त्या मादीला यायला आडोसाच राहणार नव्हता. "आजचं राहू द्या," ते म्हणाले. "उद्याचं उद्या बघू."

बाई जाताना सगळ्यांना घरात बसायला सांगून गेल्या. पण ताईचा जीव राहीना. निफाडची थंडी म्हणजे थट्टा नाही. "लेकरू काकडून जाईल," म्हणत तिने गोधडीचा तुकडा नेऊन पिल्लाभोवती खोचला. आणि देवीचं वाहन दारात आलंय, तसंच कसं ठेवायचं, म्हणून कॅरेटला हळदकुंकू लावलं, शेजारी मातीत अगरबत्ती खोचली. दाजींनी बॅटरी धरली. मी फोटो काढला. सोळाव्या प्रकरणाची सोय झाली, असं मनात म्हटलंसुद्धा. भाची तेवढी घरात होती. 'तू बाहेर पाऊल टाकायचं नाही' हा नियम आम्ही तिच्यापुरता कडक पाळला होता.

सकाळी पिल्लू तिथेच होतं. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की जवळ गेल्याशिवाय ऐकू येईना.

भाची बांधावर उभी राहिली आणि खाली बघत राहिली. पाटाच्या ओल्या मातीत मोठे ठसे होते. उसातून निघून कॅरेटच्या दिशेला आलेले, मधेच थांबलेले, बाजूला फिरलेले, आणि परत उसात गेलेले.

"ती आली होती," ती म्हणाली. मग तिला हळदकुंकू दिसलं, अगरबत्तीची जळकी काडी दिसली. "मम्मी, हे तू केलंस?"

"अगं, थंडी केवढी..."

"एवढा वास. तिला वाटलं असेल माणूस अजून इथेच बसलाय."

तोवर वनरक्षक बाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "असेलही. सांगता येत नाही." पण गोधडी त्यांनी ताबडतोब काढली आणि पिल्लाला सिरिंजने थोडं दूध पाजलं. ते दूध त्याच्या पोटात जाताना बघून मला पहिल्यांदा भीती वाटली, हे आता माणसाच्याच हातावर राहणार की काय. माझ्या पुस्तकात त्या जागी मी 'वात्सल्य' असा शब्द लिहिला होता.

"तुझ्या पुस्तकात पण असंच आहे, मामा," ती हळू म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. "सगळे नुसतं प्रेम करतात त्याच्यावर."

मुकादमाने पुन्हा विचारलं. दाजी म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं." टोळी गेली. आता ती परत कधी येईल ते कुणी सांगू शकत नव्हतं. भाची जेवली नाही. रात्री जनावर आलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा मिळेल का, असं तिने बाईंना विचारलं. आमच्या भागात एकच आहे आणि तो दुसऱ्या गावात लावलाय, असं उत्तर आलं.

दुपारी दाजींनी दुसरं कॅरेट घेतलं, मातीने आणि पाचटाने खसाखसा घासलं. ऊन उतरायच्या आत बाईंनी पिल्लू त्यात ठेवलं. मग घरात भाचीचं राज्य सुरू झालं. टीव्ही बंद. अंगणातला दिवा बंद. कुत्रा आत, स्वयंपाकघरात. फोडणी द्यायची नाही, वास जातो. आम्ही सकाळच्या भाकऱ्या कोरड्या चटणीशी खाल्ल्या. मी गुडघ्याला लावायला बामची डबी उघडली तर तिने ती हातातून काढून घेतली.

"अगं, माझा गुडघा..."

"एक दिवस दुखू दे."

दाजी अंधारात म्हणाले, "लेखक, ऐका जरा तिचं." गेल्या दोन दिवसांतलं त्यांचं माझ्याशी झालेलं हे एकमेव संभाषण.

जेवणं आटोपतात तोच कुत्रा उठला. भुंकला नाही. शेपूट पायात घालून ताईच्या मागे जाऊन बसला. कुणी हललं नाही. भाचीने माझं मनगट धरलं होतं, आणि तिची नखं रुततायत हे मी तिला सांगितलं नाही. रात्र त्यानंतर कशी गेली ते सांगण्यासारखं काही नाही. बाहेर आवाज झाला नाही, हेच काय ते.

उजाडल्यावर, बाई आल्या तेव्हाच दार उघडलं. कॅरेट आडवं पडलं होतं. रिकामं.

"कुणी खाल्लं तर नाय ना?" दाजींनी इतक्या हळू विचारलं की मलाच ऐकू आलं.

भाची मातीत उकिडवी बसली होती. "मोठे ठसे आलेत. मोठेच गेलेत," ती म्हणाली. "पिल्लाचा एकपण नाही, पप्पा. तोंडात धरून नेलंय. मांजर नेते तसं."

बाईंनी आजूबाजूची जमीन फिरून पाहिली. रक्त नव्हतं, झटापट नव्हती. "नेलं," त्या म्हणाल्या.

ताईने पदराने डोळे टिपले आणि उसाला हात जोडले. या वेळी ओट्यावरूनच. दाजी उभ्या उसाकडे बघत म्हणाले, "आता हा तुकडा असाच उभा राहतो बहुतेक होळीपर्यंत," आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसले.

परतताना एसटीत भाची खिडकीशी बसली होती. माझ्याकडे वळून म्हणाली, "मग तुझ्या पुस्तकाचं काय?"

"काय सांगू? आई आली तर कादंबरी पहिल्याच प्रकरणात संपते. पुढची चौदा प्रकरणं बेकार."

"बेकार कशाला? मुलगी आहे ना. ती रोज बांधावर जाऊन बघते."

"आणि शेवटी तिला पिल्लू दिसतं?"

"नाही."

"अगं, मग हे वाचणार कोण?"

"मी," ती म्हणाली. "आणि शेवटचं पान आधी बघणार नाही."