कौदीचे चार घास

कलबुर्गीला नोकरी लागली आणि मला चित्रांची प्रदर्शनं बघायची सवय जडली, ती उन्हामुळं. माझी भाड्याची खोली पत्र्याची. रविवारी दुपारी तिथं बसवत नसे. चित्रांच्या दालनात मात्र पंखे असत, गार पाणी असे आणि कुणी ऊठ म्हणत नसे. पहिले काही महिने मी चित्रांपेक्षा पंख्याखालच्या जागाच जास्त ओळखत होतो. मग हळूहळू नजर भिंतीवर गेली. किल्ल्याचे बुरूज, भीमेचा काठ, तुरीच्या राशी, सुरकुतलेले चेहरे. वर्षभरात मी जाणकार झालो. म्हणजे हात पाठीमागं बांधायचे, दोन पावलं मागं सरायचं, मान तिरकी करायची आणि जाताना अभिप्रायाच्या वहीत ‘रंगसंगती बोलकी आहे’ असं लिहायचं. एकदा नुसत्या पेन्सिलीच्या चित्रांनाही मी हेच लिहून आलो. कुणी काही म्हणालं नाही.

दालनाचं काम एक निवृत्त चित्रकला शिक्षक बघत. सगळे त्यांना सर म्हणत, मीही म्हणू लागलो. इतक्या नेमानं येणारा दुसरा माणूस नसल्यामुळं त्यांनी मला हाताशी धरलं. चित्राला तार बांधणं, दोरी लावून उंची जुळवणं, चिठ्ठ्या चिकटवणं ही माझी कामं. आठवडाभर मी कचेरीत आवक-जावक लिहिणारा कारकून. तिथं मला कुणी काही विचारत नाही. इथं सर चित्रापुढं उभं राहून ‘कसं वाटतं?’ असं विचारायचे. त्या विचारण्याची हवा माझ्या डोक्यात गेली होती. पुढचं सांगायची लाज वाटते म्हणून हे एवढं लांबवतोय, हे मला कळतंय.

गेल्या हिवाळ्यात सरांनी घरगुती कलांचं प्रदर्शन ठरवलं. कुणी मण्यांची तोरणं आणणार होतं, कुणी भरतकाम. मी फुशारकीनं सांगून टाकलं, माझ्या अक्काची कौदी आणतो.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, पुढचं माझं सगळं तिनंच केलं. ती करजगीला असते. उसाच्या दिवसांत रोजानं रानात जाते आणि उरल्या वेळात गावाच्या कौद्या शिवते. जुन्या लुगड्याधोतरांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्यानं शिवलेलं पांघरूण. कुणी त्याला वाकळ म्हणतं, कुणी गोधडी, आमच्याकडं कौदी. अक्काची कौदी फाटेल पण टाका सुटणार नाही, असं गावातल्या बायका म्हणतात. तिच्याजवळ मिरवण्यासारखं काही असेल तर ते एवढंच.

आमच्याकडं कौदी शिवून झाली की तिच्या चारी कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्या लावतात. त्यांना घास म्हणतात. चौथा घास लागला की कौदीच्या मधोमध गूळ-भाकरी ठेवायची, ती पोराबाळांना वाटायची आणि मगच कौदी अंगावर घ्यायची. उपाशी कौदी माणसाची झोप खाते, असं आम्हांला लहानपणी सांगत. ती गूळ-भाकरी मी पोटभर खाल्लेली आहे. तेव्हा मला हे माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

आमच्या घरच्या कौदीला अक्कानं आईच्या हिरव्या लुगड्याचे घास लावले होते. लुगड्यातलं तेवढंच उरलं होतं. हेही मला माहीत होतं. मी न्यायला गेलो तेव्हा तिनं कौदी धुतलेल्या चादरीत बांधून दिली.

“पांघरायची कौदी भिंतीला कामून टांगायलास?” ती म्हणाली.

“लोकं बघतील की, अक्का.”

“बघू दे. कोपरे जप तेवढे.”

कौदी भिंतीवर चढवली. सर लांब उभे राहून बघत होते. “मधलं काम फार सुंदर आहे,” ते म्हणाले. “हे कोपरे मात्र जरा लोंबतात. कड सरळ असती तर आणखी शोभली असती.” एवढं बोलून ते जेवायला घरी गेले. काढ असं ते म्हणाले नाहीत. त्यांच्या मनातही नसेल.

मी कौदी खाली उतरवली आणि चिठ्ठ्या कापायचं पातं घेतलं. टाके इतके बारीक आणि घट्ट होते की पात्याचं टोक आत शिरेना. चार घास काढायला मला तासभर लागला. तासाभरात माणसाला थांबायला पुष्कळ सवड असते. मी थांबलो नाही. तुटलेल्या दोऱ्याचे बारके तुकडेसुद्धा चिमट्यानं वेचून काढले, काम नीटस दिसावं म्हणून. सर परत आले, दोन पावलं मागं सरले आणि म्हणाले, “आता बसली.” कोपऱ्यांचं काय झालं, हे त्यांनी विचारलं नाही. मला तेव्हा आनंद झाला होता.

अक्काला मी बोलावलं नव्हतं. उद्घाटनाला मोठी माणसं येतात, बसायला जागा नसते, असं काहीतरी सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी ती आपली आपण आली. अफजलपूरला बस बदलून, इस्त्रीचं लुगडं नेसून, माझ्यासाठी पिशवीत धपाटे घेऊन. दालनात शिरली ती थेट कौदीपाशी गेली. बाकीचे लोक मधली शिवण बघत. तिनं मधे बघितलंच नाही. उजवीकडचा खालचा कोपरा हातात धरला.

शेजारी पाटी होती, ‘हात लावू नये’. मीच लिहिलेली. दोन कॉलेजच्या मुली वळून बघायला लागल्या.

“अक्का, हात लावू नको,” मी म्हणालो.

तिनं हात सोडला. तिनं शिवलेल्या कौदीला तिनंच हात लावू नये, असं मी तिला चारचौघांत सांगितलं होतं.

“तम्मा,” ती हळू आवाजात म्हणाली. धाकट्या भावाला आमच्याकडं कन्नडातलं हेच नाव. “घास कुठं हायत?”

तेव्हा खरं सांगायला काही अवघड नव्हतं. ती रागावली असती, दोन दिवस बोलली नसती, तिसऱ्या दिवशी जेवलास का म्हणून फोन केला असता. पण सर पाच हातांवर कुणाशी तरी बोलत उभे होते.

“टांगताना निघाले,” मी म्हणालो. “टाके सैल असतील.”

“चारी?”

“व्हय.”

ती वाकली आणि कापडावरची सुईची भोकं निरखून बघायला लागली. आता ती मला खोटारडा म्हणेल, असं मला वाटलं. म्हणावं, असंही वाटलं.

“डोळे गेले वाटतं माझे,” ती म्हणाली. “टाका लागलाच नसंल, मला दिसलं न्हाई. आन ते तुकडे?”

“झाडलोटीत गेले.”

चारी घास माझ्या खोलीवर टेबलाच्या खणात, एका पाकिटात होते. अजून तिथंच आहेत.

तेवढ्यात सर आमच्याकडं आले. त्यांनी तिला कन्नडात विचारलं, ही कौदी तुम्हीच शिवली का? गावात जिच्या टाक्याचं नाव घेतात ती माझी बहीण पदर सावरत म्हणाली, “न्हाई सर, मी नुसती बघायला आलेव.” आणि मला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर हायसं वाटलं. आता सर तिला कोपऱ्यांचं विचारणार नाहीत, असं मनात आलं. लाज नंतर आली, तिला बसमध्ये बसवून परत येताना. ती लाज अजून गेलेली नाही.

प्रदर्शन उठल्यावर मी कौदी घरी पोचवली. अक्कानं ती दोरीवर टाकून ठेवली, थंडी असून अंगावर घेतली नाही. पुढच्या खेपेला गेलो तर शेजारीण सांगायला आली की तुझ्या अक्कानं तीन घरची शिवायला आलेली गाठोडी परत पाठवली. मला दिसत नाही, दुसरीकडं बघा, असं सांगतेय. मी तिला सोलापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. चूक सांगण्याऐवजी खर्च करायला मी तयार होतो, असा मी माणूस. अक्काला वाचता येत नाही, म्हणून डॉक्टरांनी आडव्याउभ्या खुणांचा तक्ता लावला. तिनं बोटानं सगळ्या दिशा बरोबर दाखवल्या. नजर चांगली आहे, डॉक्टर म्हणाले, खुशाल शिवा.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मी ठरवलं की आता सांगायचंच. घसा खाकरला. तेवढ्यात ती आपल्या बोटांकडं बघत म्हणाली, “मग हाताचंच असंल. वय झालं.”

मी मान हलवली. होय, वय झालं, असं मी तिला मान हलवून सांगितलं.

गेल्या महिन्यात करजगीला गेलो तेव्हा तिनं अंगणात कौदी अंथरली होती. माझा एक जुना निळा शर्ट फाडून तिनं त्रिकोण कापले होते.

“आईचं तर काय ऱ्हायलं न्हाई,” ती म्हणाली. “तुझं तरी लागू दे. ये, जरा बस इथं.”

मी बसलो. तिनं पहिला घास लावला. एकेका जागी दोन-दोन टाके घातले, मग तिसरा घातला. पूर्वी ती शिवताना गप्पा मारायची, आता टाक्यावरून नजर हलवली नाही. दोरा तोडला आणि कोपरा माझ्या हातात दिला.

“ओढून बघ.”

“चांगला बसलाय की, अक्का.”

“तू ओढून बघ. माझा भरवसा न्हाई मला.”

मी ओढला. टाका तसूभर हलला नाही.

“जोर लावून ओढ.”

मी दोन्ही हातांनी जोर लावून ओढला.

“पक्का हाय,” मी म्हणालो.

“आदीचा बी मला असाच पक्का वाटला होता,” ती म्हणाली आणि पुढच्या कोपऱ्याकडं सरकली.