आव्हिन्योंला जायचं होतं, कॉन्स्टान्झला पोचलो

बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, आव्हिन्यों बघायचं होतं. नाशिकला शाळेत त्यांनी आयुष्यभर इतिहास शिकवला. चौदाव्या शतकात पोपची गादी रोम सोडून आजच्या फ्रान्समधल्या त्या गावात गेली आणि जवळजवळ सत्तर वर्षं तिथेच राहिली. पुस्तकात हे एका ओळीत उरकलेलं असायचं. बाबा त्यावर अख्खा तास घ्यायचे, असं निखिल, माझा नवरा, सांगतो. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच एकटे आमच्याकडे इंगोलश्टाटला आले होते. पण आव्हिन्यों पडलं लांब, आणि निखिलला रजा मिळेना. मग मी तोडगा काढला. ते सगळं प्रकरण जिथे मिटलं ते कॉन्स्टान्झ आमच्यापासून गाडीने चार तासांवर आहे.

"चला, सुरुवात नाही तर निदान शेवट बघू," बाबा म्हणाले.

या ट्रिपला आणखी एक कारण होतं. आम्ही इंगोलश्टाटजवळ प्लॉट घेऊन घर बांधायला काढलं होतं. दोन वर्षांसाठी म्हणून आलेले आम्ही आता परत जाणार नव्हतो, आणि हे बाबांना अजून कुणी सांगितलं नव्हतं. "तिथे निवांत सांगू ना," निखिल म्हणत होता.

शनिवारी सकाळी निघालो. म्युनिकच्या अलीकडे नेहमीचा श्टाउ, म्हणजे ट्रॅफिक जॅम, लागलाच. पुढे लिंडाऊपर्यंतचा रस्ता मोकळा आणि हिरवागार. तिथून बोडनसे सरोवराच्या कडेकडेने मेर्सबुर्गला या आणि गाडीसकट फेरीबोटीत चढा. बुकिंग वगैरे लागत नाही, फेऱ्या सारख्या चालू असतात. सरोवराला वळसा घालून जाण्यापेक्षा हे कितीतरी बरं. बाबा डेकवर उभे राहिले ते मफलर कानाला घट्ट धरून, पण आत यायला तयार नाहीत.

एक सूचना: शनिवारी पलीकडून स्वित्झर्लंडचे लोक खरेदीला येतात, त्यामुळे जुन्या गावात पार्किंग मिळणं कठीण. गाडी बाहेर लावून बसने आत या. शाकाहारी असाल तर ड्युनेले मागा. पातळ पोळीवर क्रीम आणि कांदा घालून भट्टीत भाजतात, पण मांस नको हे आधीच सांगा. बाबांनी वर घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी भुरभुरवली आणि मगच त्यांना ते पटलं.

ज्यासाठी आलो ती इमारत बंदरावरच आहे. उतरत्या छपराचं प्रचंड जुनं गोदाम म्हणा ना. गादी आव्हिन्योंहून परत रोमला गेली, पण नंतर भांडणं होऊन एकाच वेळी तीन-तीन पोप झाले. तो घोळ निस्तरायला इथे, या गावात, सगळ्या युरोपातले धर्मगुरू जमले आणि याच इमारतीत कोंडून घेऊन त्यांनी नवा पोप निवडला. आत फिरून बघता येईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. खाली रेस्टॉरंट आहे, वर समारंभांचा हॉल.

आम्ही समोरच्या कट्ट्यावर आइसक्रीम घेऊन बसलो. बाबा आमच्या दहा वर्षांच्या ईराला गोष्ट सांगत होते.

"पहिला म्हणाला, रोममध्ये फार गडबड आहे, तूर्त इकडेच राहू. दुसऱ्याने तेच केलं. तिसऱ्याने राजवाडा बांधायला काढला. तेव्हाच रोमच्या लोकांनी ओळखायला हवं होतं!"

निखिल आइसक्रीमकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे.

"उंड दान?" ईराने विचारलं. मग?

"मग खूप वर्षांनी परत गेले. तुम्ही कधी येणार परत?" बाबा हसत म्हणाले.

"आबर आजोबा, वीअर ब्लायबेन दोख हीअर."

ईराला मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. घरी याचं हसू येतं. तिथे आलं नाही.

बाबा माझ्याकडे वळले. "काय म्हणतेय गं ही?"

निखिलने तोंड उघडलं, पण विचारलं मला होतं. "म्हणतेय, पण आजोबा, आपण तर इथेच राहणार आहोत."

"खरं का रे?"

"हो, बाबा. सांगणारच होतो."

बाबांनी ईराचं गळणारं आइसक्रीम रुमालाने पुसलं. "वरचा मजला तुमच्यासाठी रिकामा ठेवलाय," ते म्हणाले. "दर दिवाळीला रंग देतो. या वर्षीही दिला." मग उठून एकटेच पाण्याकडे चालत गेले. निखिल मागे जायला निघाला, तर मी त्याचा हात धरला.

रविवारी सकाळी ते फिरायला निघाले तेव्हा मीही सोबत गेले. दुकानं बंद, किनारा शांत.

"नक्की कधी ठरवलंत?"

खूप आठवून पाहिलं. ईराची शाळा, निखिलचं प्रमोशन, माझी नोकरी. "एक दिवस असा नाहीच, बाबा. ठरवलं कधीच नाही. एकदा लक्षात आलं, की ठरून गेलंय."

ते थांबले. "वर्गात मुलं विचारायची, ते लगेच परत का नाही गेले? मी राजाचा दबाव सांगायचो, रोममधली बंडाळी सांगायचो. सगळं खरंच आहे. पण हे नव्हतं सुचलं." मग जरा वेळाने म्हणाले, "राग आलाय मला. जाईल. पण पुन्हा असं लपवू नका. मी काही परका नाही."

"नाही लपवणार, बाबा."

संध्याकाळी घरी पोचलो. येताना बाबांनी गाडी प्लॉटकडे वळवायला लावली. पायाच्या खड्ड्याभोवती फिरून त्यांनी सूर्य कुठून उगवतो ते विचारलं. तीन महिन्यांचा व्हिसा संपला तसे ते परत गेले, आणि नाशिकच्या वरच्या मजल्यावर आता दोन नर्स भाड्याने राहतात.

कॉन्स्टान्झला जरूर जा, दोन दिवस पुरतात. आम्ही तिथून काय घेऊन आलो हे मात्र मला परवा कळलं. व्हिडिओ कॉल चालू होता, आणि दारात आलेल्या कुणाला तरी बाबा सांगत होते, "मुलगा जर्मनीत राहतो."

इतकी वर्षं ते म्हणायचे, "मुलगा जर्मनीला गेलाय."