कल्याणच्या नावाचा करा

तिसगावात पन्हं पुष्कळजणी करतात, पण पुष्पावतीकाकूंचं प्यायलं की बाकीच्यांचं नुसतं गूळपाणी वाटतं. हे मी सासूबाईंसमोर बोलले आणि त्यावर जे ऐकायचं तेही ऐकलं. काकू कैऱ्या उकडतात, गर हातानं कोळतात, गूळ घालून बाटल्या भरतात आणि आठवडे बाजारात विकतात. स्वभाव खवट. कुणी घासाघीस केली की बाटली परत पिशवीत.

त्यांचा मुलगा कल्याण तीन वर्षांपूर्वी कांद्याचा टेम्पो घेऊन गेला. टेम्पो करंजी घाटात सापडला, कल्याण सापडला नाही. तेव्हापासून उन्हाळ्यात भर दुपारी गर कोळताना काकूंना दारातून हाक येते, "आई, पन्हं झालं का?"

"देते, बस," म्हणत काकू पेला भरून ओट्यावर ठेवतात. संध्याकाळी तो भरलेलाच आत नेतात. सगळ्या आळीला हे माहीत आहे. मी एकदा शेजारी बसले होते. मला काहीच ऐकू आलं नाही, पण काकूंची मान दाराकडे वळली आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यानंतर मी दुपारची तिकडे फिरकत नाही. भित्री म्हणा हवं तर.

आमच्याकडे आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसांच्या नावानं मातीचा करा भरून पूजतात. त्यानं त्यांची तहान भागते म्हणतात. यंदा काकूंचे दीर कानिफनाथ आधीच येऊन बसले.

"वहिनी, कल्याणच्या नावानं करा भरा. पोरगं तहानेलं दारात येतंय."

"आन जित्ता आसला तर? जित्त्या पोराचा करा भरू व्हय?"

"आन नसला तर? त्याला आसाच तहानेला फिरवायचा का?"

काकूंनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. पण पुढचे काही दिवस त्या धड जेवल्या नाहीत. कसं जेवतील? भरला तर पोराला आपल्या हातानं मारलं, न भरला तर तहानेलं ठेवलं.

आखितीला सकाळीच त्यांनी मला हाक मारली. त्यांच्या सासू-सासऱ्यांच्या कऱ्यांशेजारी तिसरा करा होता, काठोकाठ पन्ह्यानं भरलेला. काकूंनी गंध लावलं, फूल वाहिलं, हात जोडले. रडल्या नाहीत. मग पाटीभर उकडलेल्या कैऱ्या घेऊन बसल्या. त्यांना एकटं सोडवेना, म्हणून मीही बसले.

दुपार झाली. काकू कोळत होत्या, पुन्हा पुन्हा तोच गर. त्यात एक गुठळी उरली नव्हती, तरी त्यांचा हात थांबेना. ऊन ओट्यावरून उतरलं तेव्हा त्यांनी पातेलं बाजूला सारलं.

"आज हाक न्हाई आली."

"बरं झालं ना काकू. शांत झाला तो."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जीभ हासडून टाकावी वाटली.

"त्यो पिला गं," त्या म्हणाल्या. "म्हंजी माझा कल्याण गेलाच."